टाकीवरची बॅग : खोगीरभरती नको, हाताशी येणारे सामान हवे

पाऊस ओसरू लागला, की कृष्णाकाठच्या दुचाकीस्वारांना सह्याद्रीचे घाट खुणावू लागतात. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी, ताकारी या पट्ट्यातून शनिवारी पहाटे मोटारसायकली काढायच्या आणि कोयनानगर, कास, चांदोली किंवा थेट कोकण गाठायचे, ही हौस आता नवी राहिलेली नाही. निघण्यापूर्वी गाडीची सर्व्हिसिंग होते, टायर बदलले जातात, हेल्मेट आणि जॅकेटवर पैसे खर्च होतात. सामान भरण्याचे काम मात्र आदल्या रात्री, हाताला येईल ते बॅगेत कोंबून उरकले जाते. पेट्रोलच्या टाकीवर बसवायच्या बॅगेच्या, म्हणजेच टँक बॅगेच्या बाबतीत हा निष्काळजीपणा सर्वाधिक महागात पडू शकतो. कारण ही बॅग चालकाच्या अगदी पुढ्यात असते आणि अडचणीच्या वेळी हात प्रथम तिच्याकडेच जातो.

प्रस्तुत लेखकाने हा धडा काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात गिरवला. सप्टेंबरचा महिना, बारीक पाऊस आणि वळणावर सांडलेले डिझेल. सोबतच्या मित्राची गाडी घसरली. वेग कमी होता, त्यामुळे हाड मोडले नाही. परंतु तळहात आणि गुडघा सोलवटून निघाला आणि रक्त थांबेना. प्रथमोपचाराची पेटी होती, तीही टाकीवरच्या बॅगेत. पण ती अगदी तळाशी होती. तिच्यावर जॅकेट, जॅकेटवर कॅमेरा, कॅमेऱ्यावर चार्जरच्या वायरी आणि बिस्किटांचे पुडे. एकेक वस्तू ओल्या रस्त्यावर काढून ठेवेपर्यंत मागून आलेल्या मालमोटारीच्या चालकाने गाडी बाजूला घेतली, केबिनमधून कापूस आणि पट्टी आणली आणि जखम बांधूनही टाकली. त्याची पेटी सीटमागे खिळ्याला टांगलेली होती. आमच्या पेटीत त्याच्यापेक्षा चौपट औषधे होती आणि त्यांपैकी एकही वेळेवर उपयोगी पडले नाही.

जखम किरकोळ होती, म्हणून हा प्रसंग आज सहज सांगता येतो. परंतु त्यातून निघणारा नियम किरकोळ नाही. टाकीवरच्या बॅगेत किती सामान मावते, यापेक्षा त्यातील कोणती वस्तू किती वेळात हाती येते, हे महत्त्वाचे आहे.

खोगीर, पडशी आणि टाकीवरचे कव्हर

वाहनाच्या पाठीवर सामान लादण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. घोड्यावरून प्रवास होत असे, त्या काळात दोन्ही बाजूंना सारखे वजन राहील अशी पडशी टाकली जाई. खोगिराच्या गादीत चिंध्या, गवत असे काहीबाही भरले जाई; त्यावरूनच निरुपयोगी गोष्टींच्या भरण्याला 'खोगीरभरती' हा शब्द रूढ झाला. आजच्या प्रवाशाने टँक बॅग भरताना हा एक शब्द ध्यानात ठेवला, तरी निम्मे काम होते.

ग्रामीण महाराष्ट्रात टाकीवरच्या बॅगेचा देशी अवतारही अनेक वर्षे वापरात आहे. राजदूत आणि बुलेटच्या जमान्यापासून तालुक्याच्या गावांतील सीट कव्हर शिवणारे कारागीर रेक्झिनचे टाकी कव्हर शिवून देत आले आहेत. त्याला पुढे किंवा वरच्या बाजूला चेनचा छोटा खिसा असतो. गाडीची कागदपत्रे, दूध संघाचे कार्ड, चष्मा, चार सुटे पैसे एवढेच त्यात मावते. साहसी प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या बॅगेचे मूळ तत्त्वही तेच आहे : लागणारी वस्तू हाताखाली असावी आणि न लागणारी तेथे नसावी.

समतोलाचा धडा घ्यायचा असेल, तर पहाटे डेअरीकडे निघालेल्या दूधवाल्याकडे पाहावे. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेले असतात. एका कॅनभर दूध असले, तरी अनुभवी माणूस ते दोन कॅनमध्ये वाटून घेतो. कारण एका बाजूला झुकलेली गाडी वळणावर आणि खड्ड्यात आपला हिशेब चुकता करते. घाटातील प्रवासाला हाच नियम लागू पडतो.

बॅग घेण्यापूर्वी टाकी तपासा

टाकीवरच्या बॅगा मुख्यतः तीन प्रकारे बसवल्या जातात. पहिला प्रकार लोहचुंबकाचा, दुसरा पट्ट्यांचा आणि तिसरा पेट्रोल टाकीच्या झाकणाभोवती स्क्रूने बसवलेल्या कड्याचा. या कड्यावर बॅग खटकन बसते आणि कळ ओढताच सुटते.

चुंबकाची बॅग लावायला आणि काढायला सर्वांत सोपी. मात्र ती फक्त पोलादी टाकीवर चिकटते. अनेक नव्या मोटारसायकलींच्या टाकीवर प्लॅस्टिकचे आवरण असते. काही गाड्यांची टाकीच ॲल्युमिनियमची असते. अशा ठिकाणी चुंबक निरुपयोगी ठरते. म्हणून खरेदीपूर्वी घरातील एखादे लहान लोहचुंबक टाकीवर चार-पाच ठिकाणी लावून पाहावे. चुंबकाखाली धुळीचे व लोखंडाचे बारीक कण अडकून रंगावर ओरखडे उमटतात. काळ्या मातीच्या रस्त्यांवरून येणाऱ्यांनी बॅग ठेवण्यापूर्वी टाकी आणि बॅगेचा तळ ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावून घ्यावी.

चुंबकाची आणखी तीन पथ्ये आहेत. काळी चुंबकीय पट्टी असलेली बँक कार्डे त्याच्याजवळ ठेवू नयेत. मोबाइलमधील होकायंत्र चुंबकाच्या सान्निध्यात चुकीची दिशा दाखवू शकते. फाट्यावर उभे असताना नकाशा उलटाच फिरू लागला, तर दोष नकाशाचा असेलच असे नाही. ज्यांच्या शरीरात पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी अशी बॅग डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

पट्ट्यांची बॅग कोणत्याही टाकीवर बसते. मात्र पट्टी हँडलच्या खालच्या नळीभोवती नेताना क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या केबल तिच्यात अडकणार नाहीत, याची खात्री करावी. पट्टीचे लोंबते टोक बांधून टाकावे. कड्याची बॅग सर्वांत घट्ट बसते आणि टाकीला घासत नाही. परंतु कडे त्या विशिष्ट गाडीच्या झाकणासाठीच बनवलेले असावे लागते.

एका बारीक गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अनेक गाड्यांच्या टाकीच्या झाकणात हवा आत जाण्यासाठी छिद्र असते. पेट्रोल खर्च होते, तसतशी त्याची जागा हवा घेते. जाड कव्हर किंवा घट्ट दाबून बसलेली बॅग हे छिद्र बंद करत असेल, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोलचा पुरवठा तुटू लागतो आणि गाडी आचके देत बंद पडते. झाकण उघडताच ती पुन्हा सुरू होते आणि चालक बुचकळ्यात पडतो. प्लग, कार्बोरेटर खोलण्यापूर्वी या छिद्राकडे पाहावे.

बॅग किती मोठी असावी?

पाच ते दहा लिटरची बॅग दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला पुरते. पंधरा लिटरच्या वर जाण्याचा मोह टाळावा. बॅग उंच झाली, की मीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जातात. खराब रस्त्यावर फुटरेस्टवर उभे राहून गाडी चालवताना ती पोटाला आणि छातीला अडते. पाटण तालुक्यातील वनकुसवडे किंवा सडावाघापूरच्या पठारावर गेलेल्यांना तेथील वाऱ्याचा जोर ठाऊक आहे. तेथे पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. अशा वाऱ्यात उंच, हलकी आणि सैल बसलेली बॅग डोलू लागते आणि चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते.

वजनाचा साधा नियम असा : भरलेली बॅग एका हाताने सहज उचलून खांद्याला अडकवता आली पाहिजे. तीन किलोच्या आसपास वजन आटोपशीर मानावे. पाच किलोच्या पुढे गेल्यास काहीतरी मागच्या बॅगेत जायला हवे, असे समजावे. बॅगेवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर उत्पादकाने मर्यादा छापलेली असते. ती ओलांडू नये.

एकच निकष : हात कधी जाणार?

सामानाची वर्गवारी आपण सहसा प्रकारानुसार करतो. कपडे एकीकडे, खाणे दुसरीकडे, विजेच्या वस्तू तिसरीकडे. घरच्या कपाटाला ही पद्धत योग्य आहे. टाकीवरच्या बॅगेला नाही. तेथे वस्तूची जागा ठरावी ती वेळेवरून. ही वस्तू कोणत्या प्रसंगी लागेल आणि त्या वेळी माझ्याकडे किती सवड असेल, हे दोन प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावेत. त्यांच्या उत्तरांतून चार जागा आपोआप निश्चित होतात.

*पहिली जागा : बाहेरचा खिसा.* क्षणार्धात लागणाऱ्या वस्तू येथे. एका बाजूच्या खिशात प्रथमोपचाराचे पाकीट आणि दुसऱ्या बाजूच्या खिशात टॉर्च. हे पाकीट लाल किंवा केशरी रंगाचे असावे, म्हणजे अनोळखी माणसालाही सांगता येते, "लाल पाकीट काढा." अपघातात बॅग उघडणारा हात आपला नसण्याचीच शक्यता अधिक, हे विसरू नये. त्याच खिशात एक जाड कागद ठेवावा. त्यावर नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणती औषधे चालू आहेत आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक मराठीत व इंग्रजीत ठळक लिहिलेले असावेत. मोबाइल कुलूपबंद असतो, फुटतो किंवा बंद पडतो. कागद बोलत राहतो.

*दुसरी जागा : झाकणाखालचा वरचा थर.* थांबल्यावर एका मिनिटात लागणाऱ्या वस्तू येथे : बॅगेचे पावसाळी आवरण, रेनकोट किंवा वाऱ्याचे पातळ जॅकेट, हेल्मेटची काच पुसायचे मऊ कापड, गॉगल.

*तिसरी जागा : मधला थर.* चहापाण्याच्या थांब्यावर लागणाऱ्या वस्तू : खाऊ, मलमे व गोळ्या, पॉवर बँक, वायरी, वही-पेन. येथे प्रत्येक गटाला वेगळी लहान पिशवी द्यावी. पारदर्शक किंवा जाळीची पिशवी उत्तम. उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते दिसते. वायरी सुट्या टाकल्यास संध्याकाळपर्यंत त्यांचा गुंता झालेला असतो.

*चौथी जागा : तळ.* जड आणि क्वचित लागणाऱ्या वस्तू येथे, बरोबर मध्यभागी : पाण्याची अर्धा लिटरची बाटली आणि पंक्चरचे साहित्य. जड वस्तू तळाशी राहिल्या, की बॅग डोलत नाही. डावी-उजवी बाजू समतोल आहे की नाही, हे बॅग मधल्या पट्ट्याने उचलून पाहिल्यास लगेच कळते.

या चारही जागांना लागू पडणारा एक नियम सुरक्षिततेचा आहे. समोरून धडक बसल्यास किंवा अचानक ब्रेक लागल्यास चालकाचे शरीर पुढे, टाकीच्या दिशेने घसरते. म्हणून बॅगेची चालकाकडील बाजू नेहमी मऊ सामानाने भरावी. जॅकेट, कापड, हातमोजे त्या बाजूला; बाटली, पॉवर बँक, पंप हे पुढे व तळाशी. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, चाकू अशा टोकदार वस्तूंना या बॅगेत मुळीच जागा नाही. त्यांची जागा सीटखाली किंवा मागच्या बाजूच्या पेटीत.

बॅगेत काय असावे?

प्रथमोपचाराच्या पाकिटात निर्जंतुक गॉझ, गुंडाळायची पट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, रबरी हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि ओआरएसची पाकिटे असावीत. स्वतःची नेहमीची औषधे एका दिवसाची जास्त घ्यावीत. पाकिटावर वस्तूंची यादी आणि औषधांची मुदत लिहून चिकटवावी. वापरलेली वस्तू घरी परतल्यावर त्याच दिवशी पुन्हा भरावी. 'पुढच्या वेळी भरू' म्हटले, की पुढच्या वेळी पाकीट रिकामे निघते.

वाहनाची नोंदणी, परवाना, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधून दाखवली तरी ग्राह्य धरावीत, अशा सूचना केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिल्या. त्यामुळे मूळ कागदपत्रे पावसात भिजवण्याचे कारण उरलेले नाही. तथापि, घाटात आणि जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून ॲपमधील कागदपत्रे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावीत आणि छायाप्रतींचा एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. मूळ परवाना, पैसे आणि कार्डे मात्र बॅगेत नव्हे, तर अंगावरच्या खिशात असावीत.

पंक्चरचे साहित्य घेताना आपल्या गाडीचे टायर ट्यूबलेस आहेत की ट्यूबचे, हे पाहावे. ट्यूबलेस टायरला बाहेरून भोकात पट्टी खोचून काम भागते. तारांची चाके असलेल्या अनेक साहसी गाड्यांना आजही ट्यूब असते. त्यांना या पट्ट्या उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यासाठी जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या लागतात, आणि हे सामान जड असल्याने ते मागच्या बाजूला बांधावे.

खाण्याच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. तासगावचा बेदाणा आणि भाजलेले शेंगदाणे यांच्याइतका सुटसुटीत खाऊ शोधून सापडणार नाही. तो वितळत नाही, चुरा होत नाही, मूठभर खाल्ला तरी तरतरी येते. चिक्कीही चालते, चॉकलेट मात्र इंजिनाच्या आणि उन्हाच्या उष्णतेत वितळून सगळी बॅग चिकट करते. सांगलीचे भडंग चवीला कितीही उत्तम असले, तरी ते मुक्कामी पोहोचल्यावर खावे. तेल-मसाल्याने माखलेली बोटे पुन्हा हातमोज्यात घालणे सुखावह नसते.

काय ठेवू नये?

बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल भरून ते टाकीवरच्या बॅगेत ठेवणे अत्यंत धोकादायक आहे. खाली गरम इंजिन, वर ऊन, आत विजेच्या वायरी आणि पुढ्यात स्वतः चालक, अशा ठिकाणी ज्वलनशील पदार्थाला जागा असूच शकत नाही.

पॉवर बँक चालते, पण बंद बॅगेत, भर उन्हात ती चार्जिंगला लावून ठेवू नये. थांब्यावर बॅग सावलीत ठेवावी. इन्सुलिनसारखी थंडाव्यात ठेवावी लागणारी औषधे या बॅगेत न ठेवता थंडावा टिकवणाऱ्या पाकिटात घालून मागच्या बॅगेत, उष्णतेपासून दूर न्यावीत.

मोबाइल बॅगेवर किंवा हँडलवर बसवताना इंजिनाच्या थरथरण्याचाही विचार करावा. जोरदार इंजिनांच्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातील नाजूक यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. कंपने शोषून घेणारा आधार वापरावा किंवा फोन खिशात ठेवून नकाशा कानाने ऐकावा. कॅमेरा बॅगेत ठेवायचा झाल्यास तो मऊ कापडात गुंडाळून वरच्या थरात, जड वस्तूंपासून दूर ठेवावा.

एक उदाहरण : कुंडल ते चिपळूण

नियम कागदावर सोपे वाटतात; रस्त्यावर ते कसे उपयोगी पडतात, हे एका दिवसाच्या प्रवासातून पाहू. कुंडलहून ताकारी, शेणोलीमार्गे कराड, तेथून मल्हारपेठ, पाटण, हेळवाक आणि कुंभार्ली घाट उतरून पोफळीमार्गे चिपळूण, हा मार्ग दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचा आहे. तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटल्याचा इतिहास या वाटेला आहे. त्यामुळे प्रतिसरकारच्या कुंडलहून निघालेला प्रवासी येथे क्षणभर थांबतोच.

या मार्गाचे वैशिष्ट्य म्हणजे हवामानातील फरक. कुंडल-पलूसचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोयनानगर परिसरात मात्र वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कुंडलमध्ये कोरड्या रस्त्यावर निघालेला माणूस सकाळच्या न्याहारीपर्यंत धुवांधार पावसात सापडू शकतो. म्हणून पावसाळी आवरण आणि रेनकोट वरच्या थरात. पाटणच्या पुढे ढग दिसताच, भिजण्याची वाट न पाहता, थांबून दोन्ही चढवावेत. बहुतेक बॅगांची आवरणे वरून पडणारे पाणी अडवतात. चेन आणि शिवणीतून झिरपणारे पाणी अडवतीलच असे नाही. त्यामुळे आतील प्रत्येक गट वेगळ्या जलरोधक पिशवीत हवा. किराणा मालाची जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबर बँड यांनीही हे काम उत्तम होते.

दुसरा मुद्दा अंधाराचा. साधारण नोव्हेंबरपासून ऊस गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि कुंडल परिसरातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. त्यांतील सर्वांनाच मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असतो, असे नाही. परतीचा प्रवास शक्यतो दिवसाउजेडी संपवावा. उशीर झालाच, तर हेल्मेटची स्वच्छ काच हाच पहिला दिवा असतो; म्हणून काच पुसायचे कापड वरच्या थरात. पंक्चर काढायला रस्त्याकडेला थांबावे लागल्यास टॉर्च बाहेरच्या खिशात असल्याचे महत्त्व पटते.

या प्रवासासाठी भरलेल्या बॅगेचा हिशेब साधारण असा होतो : प्रथमोपचाराचे पाकीट ३०० ग्रॅम, टॉर्च १०० ग्रॅम, रेनकोट ६०० ग्रॅम, बॅगेचे आवरण व कापड २०० ग्रॅम, पॉवर बँक व वायरी ३५० ग्रॅम, बेदाणे-शेंगदाणे २५० ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, ट्यूबलेस पंक्चरचे साहित्य ३०० ग्रॅम, छायाप्रती, वही आणि पेन २०० ग्रॅम. एकूण बेरीज २ किलो ८०० ग्रॅम. एवढ्यावर एक संपूर्ण दिवस निर्धास्त जातो. उरलेले सारे मागच्या बॅगेत.

निघण्यापूर्वीची तालीम

बॅग भरून झाली, म्हणजे काम संपले असे नाही. आदल्या दिवशी घरासमोरच दहा मिनिटांची तालीम करावी.

बॅग बसवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. बॅग हॉर्नचे बटण किंवा इंजिन बंद करण्याचा स्विच दाबत नाही ना, केबल ताणत नाही ना, हे पाहावे. गाडी मुख्य स्टँडवर लावून इंजिन सुरू करावे आणि दोन्ही टोकांना हँडल वळवून इंजिनाचा वेग आपोआप वाढत नाही ना, हे तपासावे. नंतर गाडीवर बसून मीटर आणि सर्व दिवे दिसतात का, ते पाहावे. फुटरेस्टवर उभे राहून पोट बॅगेला लागते का, तेही पाहावे.

त्यानंतर खरी परीक्षा. डोळे मिटून, हातमोजे घालून, बाहेरच्या खिशातील प्रथमोपचाराचे पाकीट काढून दाखवावे. दहा सेकंदांत ते हाती आले नाही, तर जागा बदलावी. मग हीच परीक्षा सोबतच्या प्रवाशाकडून, आणि शक्य झाल्यास घरातील एखाद्या व्यक्तीकडून करून घ्यावी. आपली बॅग दुसऱ्याला उघडता आली पाहिजे, हा या तालमीचा हेतू.

शेवटी पाच-सहा किलोमीटरची फेरी मारावी. किर्लोस्करवाडी स्टेशनपर्यंत जाऊन परत आले, तरी बॅग सरकते का, पट्ट्या सैल होतात का, हे कळून येते. पेट्रोल पंपावर बॅग काढायला आणि पुन्हा लावायला किती वेळ लागतो, तेही याच वेळी पाहून ठेवावे. रांगेत मागे चार गाड्या असताना पट्ट्यांशी झटापट करण्यापेक्षा हे बरे. पेट्रोल भरताना बॅग बाजूला काढूनच ठेवावी; नळीतून ओघळलेले पेट्रोल कापडात मुरले, की त्याचा वास आणि धोका दोन्ही दिवसभर सोबत करतात.

ढाब्यावर किंवा मंदिरापाशी थांबताना बॅग गाडीवर सोडून जाऊ नये. चुंबकाची आणि कड्याची बॅग जितक्या सहज आपल्याला काढता येते, तितक्याच सहज दुसऱ्यालाही.

थोडक्यात

• वस्तूची जागा प्रकारावरून नव्हे, तर ती किती लवकर लागेल यावरून ठरवा.
• प्रथमोपचाराचे पाकीट आणि माहितीचा कागद बाहेरच्या खिशात, सर्वांना दिसेल असा.
• जड वस्तू तळाशी मध्यभागी, मऊ वस्तू चालकाच्या बाजूला.
• हत्यारे, टोकदार वस्तू आणि पेट्रोल या बॅगेत कधीही नको.
• प्रत्येक गट वेगळ्या जलरोधक पिशवीत.
• प्रत्येक प्रवासात वस्तू त्याच जागी. जागा बदलली, तर सोबत्याला सांगा.
• रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

प्रवासाहून परतल्यावर बॅग पूर्ण रिकामी करावी आणि सामानाचे तीन ढीग करावेत : वापरलेले, न वापरलेले, आणि न वापरले तरी हवेच असलेले. तिसऱ्या ढिगात प्रथमोपचाराचे पाकीट, पंक्चरचे साहित्य आणि टॉर्च राहतील. ते वापरावे लागले नाहीत, यातच आनंद मानावा. दुसरा ढीग म्हणजे खोगीरभरती. पुढच्या खेपेस तो घरीच ठेवावा. दोन-तीन प्रवासांनंतर बॅग आपोआप हलकी होत जाते आणि कुठल्या खिशात काय आहे, हे आठवावे लागत नाही.

कुंभार्ली घाटातील त्या मालमोटारचालकाकडे महागडी बॅग नव्हती, कप्पे नव्हते की जलरोधक पिशव्या नव्हत्या. एका खिळ्यावर एक पेटी होती आणि ती तेथेच असणार, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. टाकीवरच्या बॅगेकडून अपेक्षा करायची, ती तेवढीच.